बोटभर

धोपाव्याच्या धक्क्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली
की बॉनेट वर उठतं
आणि काचेत उरतं नुसतं आभाळ.
खाडी नाही, पलीकडचं दाभोळ नाही,
बोटीची गंजकी फळीसुद्धा नाही.
आभाळ, आणि त्यात एक हात.
येऊ दे, म्हणतो हात. येऊ दे. डावीकडे. अजून बोटभर.
मग मूठ मिटते
आणि मी ब्रेक दाबते.

चार वर्षं मी अशी बोटीत चढले.
मनगटाला काळा दोरा, अंगठ्याचं नख निळं पडलेलं,
एवढीच ओळख.

माझी उंची चार फूट नऊ.
काम पतपेढीची पिग्मी गोळा करायचं.
त्यावर शृंगारतळीत जो विनोद होतो
तो तुम्हालाही आत्ता सुचला असेल.
असू दे.

गाडी नवऱ्याच्या मापाची घेतलेली.
रविवारी ते चालवतात. सोमवारी मी सीट पुढे खेचते,
कट् कट् कट्, शेवटच्या खाचेपर्यंत,
तरी क्लचला पोचतो तो चवडाच.
छाती आणि स्टिअरिंग यांत जेमतेम एक वीत,
आणि एअरबॅग फुटलीच तर त्या वितीत फुटणार.
पट्टा गळ्यावरून जायचा, मान सोलायची,
म्हणून मी तो काखेखालून घ्यायचे,
पोलीस दिसला की पुन्हा गळ्यावर.
बुडाखाली चादरीची घडी.
अंजनवेलच्या वळणावर चादर घसरायची,
चादरीबरोबर मी,
आणि माझ्याबरोबर सगळा रस्ता खाली.

त्या दिवशी मूठ मिटली नाही.
हातच गेला,
पाटीवरचं अक्षर पुसावं तसा.
मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले.
मागे बर्फाचा टेम्पो बोंबलत होता.
हँडब्रेक ओढला, दार उघडलं, उतरले.
बंपरच्या पुढ्यात, हात लांब केला तर लागेल इतका जवळ,
एक मुलगा वाकून
साखळीत अडकलेली चप्पल सोडवत होता.
उभा राहिला तर माझ्याहून जरासाच उंच.
"काय झालं, ताई? इथंच तर होतो."
नाव मुदस्सर. बाकी मला काही विचारता आलं नाही,
पाय लटपटत होते.

निवाते कुशनवाल्यानं मला गाडीत बसवलं
आणि बोटांनी मापं घेतली.
"मागून चार, पुढून दोन.
पुढून जाड केलं तर मांडी दबेल, पाय पोचायचा नाही.
आणि सुटी उशी नको हां, ब्रेक मारलात की ती आधी पळते."
आत काथ्या, खाली दोन पट्टे, सीटच्या लोखंडाला आवळून बांधलेले.
मग सहज, बोलता बोलता,
त्यानं माझ्या कानाशी खांबावरचा एक खटका दाबला.
खट्.
पट्टा खाली सरकला, खांद्यावर आला.
हे आधीपासून आहे?
"गाडीबरोबरच येतं."
चार वर्षं. माझ्या कानाशी.
घरात कुणाला लागला नव्हता,
म्हणून कुणाला माहीत नव्हता.

आता धक्क्यावर चढताना
आभाळ येतंच, पण क्षणभर.
मग बॉनेटची कड,
मग बोटं, काळा दोरा, कोपर,
धुऊन धुऊन फिका झालेला टी-शर्ट,
आणि चेहरा. काहीतरी चघळणारा.
मला वाटलं होतं, माझ्याकडे बघत असेल.
तो चाकांकडे बघत होता.
चार वर्षं तो फक्त माझ्या चाकांकडे बघत होता.

"अजून बोटभर," म्हणाला.
मी पाहिलं.
बोटभरच होतं.